सोमाजीच्या खड्ड्यातली पांढरी वाइन

विणकरांच्या गावात किस्से फार साठतात. त्याला कारण आहे. मागावर बसलेल्या माणसाचे हात गुंतलेले, पाय गुंतलेले, डोळे धाग्यावर. मोकळं काय राहतं? तोंड! आमच्या आंधळगावात कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड दिवसाला चार हात निघायचं आणि गोष्टी चाळीस हात. कापड निदान नागपूरला तरी जायचं. गोष्टी गावातच पडून राहायच्या आणि प्रत्येक जण त्यात आपला एक धागा घालायचा.

मी तिथल्या विणकर सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे पत्रं लिहिणारा. इंग्रजी येणारा मी एकटाच, त्यामुळे माझ्या इंग्रजीला नावं ठेवणाराही कोणी नव्हता! सत्तरचं दशक संपत आलं होतं. आठ मागांपैकी चार बंद पडले होते, आणि उरलेल्यांत सर्वांत चांगला माग सोमाजीचा. जंगली कोशाचा धागा हा उनाड असतो, कुठं जाड, कुठं बारीक. सोमाजीच्या हाताखाली मात्र तो गुमान बसायचा. पण सोमाजीनेही सांगून ठेवलं होतं, "पुढच्या दिवाळीपर्यंत पाहतो. मोठं काम आलं तर ठीक. नाई तर माग विकतो आन नागपुरात मेव्हण्याच्या पावरलूमवर जातो."

सोमाजी गेला असता तर सोसायटीचं दारही लागलं असतं. हे सगळ्यांना माहीत होतं. आणि अशा वर्षी आमच्याकडे आली एक बाटली. माझे अर्ध्याहून जास्त किस्से त्या एका बाटलीतून निघालेले आहेत.

* * *

बाटली आणली मार्कोसाहेबाने. इटलीचा कापडवाला. नागपूरचे एजंट देशकरसाहेब त्याला घेऊन आले होते. उंच माणूस, पण आल्या आल्या सोमाजीच्या मागाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. कापड हुंगलं, गालाला लावलं, एक धागा काढून चावून पाहिला. सोमाजीची बायको गोदाबाई मांडीवर धागा वळत होती, तिच्याकडे तो अर्धा तास बघत राहिला. शेवटी तीच वैतागली, "याले कोनी सांगा गा, मले सयपाक बी करायचा हाय."

जाताना त्याने कापडाचा नमुना घेतला आणि बॅगेतून बाटली काढली. म्हणाला, "माझ्या वडिलांनी घरी केलेली पांढरी वाइन. थंड करा, मासळीसोबत प्या. चव कशी लागली ते मला लिहा. पुढच्या दिवाळीला येईन तेव्हा कापडाचं बोलू."

आता सोसायटीचे अध्यक्ष रामाजीभाऊ. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात थेंब घेतलेला नाही. पण पाहुण्याने सत्कार केला तर तो स्वीकारायचा असतो! भाऊंनी टोपी सरळ केली, दोन्ही हातांनी बाटली घेतली, कपाळाला लावली आणि मोबदल्यात साहेबाच्या हातात नारळ ठेवला.

साहेबाने नारळ हलवून पाहिला. आतलं पाणी ऐकलं. मग फार आदराने विचारलं, "हे कशासोबत प्यायचं?"

* * *

थंड करायची म्हणजे काय करायची? फ्रिज अख्ख्या गावात नव्हता. भाऊ म्हणाले विहिरीत सोडू. पण दोर तुटला तर? मडक्याचं सुचलं, तर मडक्यात बाटलीची मान जाईना. शेवटी सोमाजीनेच सांगितलं, "माझ्या मागाचा खड्डा काय वाईट हाय?"

खड्डामाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. तिथं पायाने दाबायच्या पट्ट्या असतात. वैशाखातही त्या खड्ड्यात गारवा असतो आणि हे तर कार्तिकातले दिवस. ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली उजव्या कोपऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सोमाजी उजवा पाय हळू टाकायला लागला. पट्टी जोरात दाबली, पाय घसरला, बाटली फुटली तर? डावा पाय नेहमीसारखा धाडकन, उजवा नवरीसारखा. आठ दिवसांत एक उपरणं निघालं, त्याचा एक काठ सरळ आणि दुसरा पांदणीच्या वाटेसारखा वाकडातिकडा! सोमाजीच्या हातून पंधरा वर्षांत असं कापड निघालं नव्हतं. भाऊंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि काही न बोलता कपाटाच्या तळाशी टाकलं.

गोदाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. "आठ दिवस झाले, यायचे पाय धड चालून नाई राहिले," ती नवऱ्याकडे बोट दाखवून आम्हाला म्हणाली. "कापड विनून राहिले का बाटली उबवून राहिले, विचारा जरा!"

* * *

तेव्हा ठरलं की बाटली एकदाची उघडायची आणि चव लिहून पाठवायची. पण चव घेणार कोण? भाऊ माळकरी. मी ब्राँडी एकदाच घेतली होती, तीही खोकल्यावर. सोमाजी म्हणाला, "बिसनले बोलवा."

बिसन आंबागडचा. किल्ल्याखालच्या जंगलातून कोश गोळा करून आम्हाला आणून द्यायचा. मोहाच्या दारूतलं त्याचं ज्ञान पंचक्रोशीत मान्य होतं. मिशी एवढी मोठी, की कोश घेऊन तो दारात यायच्या आधी मिशी यायची.

बिसनने बाटली फिरवून पाहिली. "पांढरी कुठं हाय? हे तं पिवयी हाय, जरा हिरवटबी." मग बूच. बूच काढायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. सोमाजीने धागा भरायची टोकदार चाती घेतली आणि बुचात घुसवली. बूच बाहेर यायचं सोडून आत गेलं आणि बाटलीत पोहायला लागलं. "राहू द्या," बिसन म्हणाला, "थ्ये काय पिनार हाय?"

सगळे आता पेला पुढे करणार, तेवढ्यात बिसनने हात वर केला. "थांबा! पयले तपासनी."

आमच्याकडे दारूची तपासणी जिभेने करत नाहीत, चुलीवर करतात. घोटभर दारू विस्तवावर टाकायची. पहिल्या धारेची असेल तर भपकन निळा जाळ उठतो. पाणी घातलेली असेल तर नुसता धूर. यात कधीच चूक होत नाही, निदान मोहाच्या बाबतीत तरी.

बिसनने गोदाबाईच्या चुलीवर पळीभर वाइन टाकली. चर्र! जाळ तर सोडाच, पेटलेलं लाकूड विझलं. गोदाबाईने कपाळावर हात मारला. बिसनने पुन्हा पळीभर टाकली. दुसरं लाकूडही विझलं!

बिसन उठून उभा राहिला. मातीला गेल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "पानी हाय. सायेबाच्या बुढ्या बापाले कोनंतरी फसवलं!"

* * *

भाऊंना फार वाईट वाटलं. म्हातारा माणूस, घरी मेहनतीने करतो आणि मध्येच कोणीतरी पाणी मिसळतो! "बाबू," ते मला म्हणाले, "कळवलंच पाह्यजे. आपन नाई सांगनार तं कोन सांगन?"

मी त्याच दिवशी इंग्रजीत पत्र लिहिलं. मसुदा अजून माझ्याजवळ आहे. "कळविण्यास अत्यंत खेद होतो की आपल्या पूज्य पिताजींच्या वाइनमध्ये पाणी आढळले आहे. आमच्या तज्ज्ञांनी चुलीवर दोनदा तपासणी केली. तरी पिताजींनी घरातल्या माणसांवर लक्ष ठेवावे. कळावे, आपला विश्वासू." मला स्वतःला ते पत्र फार आवडलं. 'आमच्या तज्ज्ञांनी' या शब्दांवर तर मी खूश होतो.

चार दिवसांनी देशकरसाहेब आले. मी मोठ्या उत्साहात मसुदा दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"सेक्रेटरी, हे पाठवलं?"

"त्याच दिवशी!"

"अरे बाबा, ही दारू नाही, वाइन आहे! द्राक्षांचा आंबवलेला रस. भट्टी लावत नाहीत. जगातली कुठलीच वाइन चुलीवर पेटत नाही! तुम्ही त्या माणसाला कळवलंत की तुझा बाप भेसळवाला आहे!"

सोमाजीने हातातला धोटा खाली ठेवला. मला आयुष्यात तेवढी लाज कधी वाटली नाही, आज सांगतानाही कान गरम होतात.

* * *

सोमाजी आणि मी सायकलने मोहाडीच्या पोस्टाकडे निघालो. कदाचित पत्रांची थैली अजून गेली नसेल, अशी वेडी आशा. चार दिवस झाले होते, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पोस्टातले बाबू सज्जन होते. सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. म्हणाले, "तुमचं पत्र आतापर्यंत विमानात बसलं असेल."

परतताना वाटेत धानाची कापणी चालली होती. सोमाजी सायकलवरून उतरला आणि पायी चालायला लागला. मीही उतरलो. चालता चालता तो म्हणाला, "बाबू, तुमची चूक नाई. बिसनचीबी नाई. पन मी मेव्हण्याले हो म्हनून टाकतो."

मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत थांब, सोमाजी. तू शब्द दिला आहेस."

"शब्द दिला हाय म्हनून तं थांबून राहिलो. नाई तं आजच गेलो असतो."

* * *

देशकरसाहेबांनी उपाय काढला. दुसरं पत्र लिहायचं, माफीचं, आणि त्यात खरोखर चव घेऊन लिहायचं. बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. सोमाजीने तोंडाला कोशाच्या चिंधीचा बोळा घालून ती पुन्हा खड्ड्यात ठेवली होती. रेशमी बूच! असा मान इटलीतही तिला मिळाला नसता.

देशकरसाहेब मुंबईत एका परदेशी कंपनीत काम करून आले होते. त्यांनी वर्ग घेतला. "हिला वर्दिक्किओ म्हणतात. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग लहान घोट. लिंबू लागेल, हिरवं सफरचंद लागेल, शेवटी बदामासारखं किंचित कडू. मासळी पाहिजे, पण तिखट अगदी कमी."

"कमी तिखट?" गोदाबाई कडाडली. "मंग दवाखान्यातच जेवा!" आणि तिने तलावातल्या झिंग्यांचा रस्सा केला, आपल्या रोजच्या मापाने. आमच्याकडचे झिंगे लहान, पण गोदाबाईच्या हाती पडले की माणसाला रडवतात. आम्ही रस्सा खाल्ला, वर वाइन प्यायलो. काही लागलंच नाही! बिसनने डोळे पुसत निकाल दिला, "रश्श्यानं वाइनले उभंबी नाई राहू देल्लं."

मग देशकरसाहेबांच्या विनवण्यांवरून उरलेले झिंगे नुसते मीठ लावून तव्यावर परतले, वर लिंबू पिळलं. सोबत आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाचे आमच्याकडची पातळ धिरडी. आणि काय सांगू! झिंग्यांचा गोडवा, आयत्यांचा मऊपणा आणि त्यावर तो गार, आंबूस घोट. तोंड एकदम धुतल्यासारखं व्हायचं आणि लगेच पुढचा झिंगा मागायचं. मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पेन खाली ठेवून खाल्लं.

"सफरचंद लागलं का?" देशकरसाहेबांनी विचारलं. सोमाजी विचारात पडला. हिरवं सफरचंद आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. "मले तं कच्चा पेरू लागून राहिला," तो म्हणाला. बिसनला आवळा लागला. भाऊंनी नियम मोडायचा नाही म्हणून नुसता वास घेतला. मग पुन्हा घेतला. सातव्या वेळी म्हणाले, "कवठाच्या झाडाखाली बसल्यावानी वाटून राहिलं," आणि त्यानंतर भाऊंनी सहकारावर पाऊण तास भाषण केलं. नुसत्या वासावर!

गोदाबाई दूर बसून हसत होती. शेवटी बिसन म्हणाला, "वहिनी, जीभ लावून तं पाहा." तिने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. धागा कच्चा की पक्का हे ती असंच ओळखायची.

"पयले निंबू," ती म्हणाली. "मंग पेरू, यायचं बरोबर हाय. आन सरता सरता चाराची बी चावल्यावानी. पयले गोड, मांगून जराशी कडू."

चार म्हणजे चारोळीचं झाड, आमच्या जंगलातलं. देशकरसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. "बदाम!" ते म्हणाले. "बदामच की हो हा! बाई, मला हे ओळखायला दोन वर्षं लागली होती."

"तुमच्या बाटल्या लहान असतीन," गोदाबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

* * *

दुसरं पत्र गेलं. त्यात पेरू होता, चारोळी होती, झिंगे होते, आयत्यांची कृती होती आणि पाच ओळींची माफी होती. उत्तर आलं नाही. होळी गेली, पोळा गेला. पोस्टमन लांबून दिसला की सोमाजीचा माग थांबायचा, आणि तो वळून गेला की पुन्हा सुरू व्हायचा.

दिवाळीच्या आधी मोहाडीचा एक माणूस माग बघायला आला. सोमाजीने सगळं दाखवलं, फणी, धोटे, पट्ट्या, काही लपवलं नाही. तो माणूस खड्ड्यात उतरून बसला आणि त्याच्या पायाला रिकामी बाटली लागली. त्याने ती वर काढून उजेडात धरली. "हेबी मागासोबत हाय का?"

गोदाबाईने त्याच्या हातून बाटली घेतली, पदराने पुसली आणि पुन्हा खड्ड्यात ठेवली. "माग घेऊन जाजा," ती म्हणाली. "बाटली नाई भेटनार."

माग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं.

* * *

आणि भाऊबीजेच्या दिवशी दुपारी सोसायटीसमोर गाडी थांबली. मार्कोसाहेब! मागून देशकरसाहेब, चेहरा पांढराफटक. "गाडीत दोन तास एक शब्द बोलला नाही," ते माझ्या कानात म्हणाले.

आम्ही सगळे उभे राहिलो. भाऊ, सोमाजी, मी. बिसन कोश घेऊन आलाच होता. गोदाबाई दारात. साहेबाने खिशातून कागद काढला. मी लांबूनच ओळखला. पहिलं पत्र!

"चुलीवर तपासणी करणारे तज्ज्ञ कोण?" त्याने विचारलं. देशकरसाहेबांनी घाबरत मराठीत सांगितलं.

मी पुढे होणार होतो. पत्र माझं होतं. पण बिसनने कोशांची टोपली खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि समोर जाऊन उभा राहिला. "मी हाय."

साहेबाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं," तो म्हणाला. "बाबा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला एकट्याला कोठीत नेलं आणि दार लावून विचारलं, चाळीस वर्षांत आपल्या गावात कोणाला कळलं नाही, मग या लोकांना कसं कळलं?"

देशकरसाहेब भाषांतर करता करता थांबले. त्यांनी साहेबाला पुन्हा विचारलं. साहेबाने तेच पुन्हा सांगितलं.

"दुसरं पत्रही वाचलं," साहेब पुढे म्हणाला. "बाबा म्हणाले, हे माफीचं खोटं आहे, पहिलंच खरं. चारोळी मात्र खरी. कापड यांच्याकडूनच घे." आणि त्याने देशकरसाहेबांच्या हातात कागद दिला. चारही मागांना वर्षभर पुरेल एवढं काम होतं.

सोमाजी मटकन खाली बसला. गोदाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच सोमाजीवर ओरडली, "बसता काय! मोहाडीच्या मान्साले जाऊन सांगा, येऊ नोको म्हना!" भाऊंनी कपाटाच्या तळातून ते एका बाजूने वाकडं झालेलं उपरणं काढलं आणि बाबांसाठी म्हणून साहेबाला दिलं. काठ असा का, ते सोमाजीने सांगितलं. साहेबाने तो वाकडा काठ बोटाने शेवटपर्यंत चाचपला आणि घडी घालून छातीशी धरला.

मग त्याने बॅगेतून दुसरी बाटली काढली. ही लहान होती, पाण्यासारखी स्वच्छ, वर कागद नाही, नाव नाही.

"बाबांनी तज्ज्ञांसाठी दिली आहे," तो म्हणाला. "सांगितलंय, आधी चुलीवर टाका."

सगळे गोदाबाईच्या चुलीभोवती जमलो. बिसनने नेहमीप्रमाणे पळी भरली, नेहमीप्रमाणे वाकला आणि नेहमीप्रमाणे ओतली.

भप्प! निळा जाळ छपराच्या वाशापर्यंत गेला. भाऊंची टोपी उडाली, देशकरसाहेब थेट अंगणात, आणि बिसनची डावी मिशी होती तिथं नुसता धूर!

बिसन हलला नाही. पळी खाली ठेवली, उरलेल्या मिशीवरून हात फिरवला, मावळतीकडे, इटलीच्या दिशेला तोंड करून दोन्ही हात जोडले आणि मग माझ्याकडे वळला.

"बाबू, घ्या कागद. लिवा बुढ्याले, यावेळी पानी नाई!"